गार्सिया कुठे गेला? एका इंग्रजी निबंधातल्या स्पॅनिश आडनावाचं प्रकरण

हे प्रकरण एका हस्तलिखिताचं आहे. मी इंग्रजी आणि मराठी पुस्तकांचं संपादन करते, सूचीही करून देते. एम. ए. ला आम्हाला शिकवलेल्या एका सरांनी निवृत्तीनंतर आपले इंग्रजी निबंध एकत्र केले आणि ते काम माझ्याकडे आलं. त्यातला सगळ्यात मोठा निबंध कोलंबियाचे कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्यावर होता. पहिल्या वाक्यात पूर्ण नाव होतं. दुसऱ्या वाक्यापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त ‘मार्केझ’.

पहिली तीन पानं मीही तशीच वाचून गेले. कान सरावलेला होता. चौथ्या पानावर एका वाक्यात अडखळले. त्याचा अर्थ असा होता : ‘मार्केझ यांचे थोरले चिरंजीव, चित्रपट दिग्दर्शक रॉद्रिगो गार्सिया, यांनी वडिलांच्या अखेरच्या दिवसांविषयी लिहिलं आहे.’ वडील मार्केझ आणि मुलगा गार्सिया? ज्याला काहीच माहीत नाही त्याला वाटेल, मुलानं आडनाव बदललं असावं. प्रत्यक्षात मुलानं काहीही बदललेलं नव्हतं. वडिलांचं आडनाव आपणच अर्धं कापलं होतं, आणि कापताना नेमकं मुलाकडे जाणारं अर्धं टाकून दिलं होतं.

त्या घरातली नावं एकाखाली एक लिहिली की सगळं दिसतं. वडील गॅब्रिएल एलिखिओ गार्सिया. आई लुइसा सांतियागा मार्केझ इग्वारान. ६ मार्च १९२७ रोजी कोलंबियातल्या अराकाताका गावी जन्मलेला त्यांचा मुलगा गॅब्रिएल गार्सिया मार्केझ. त्यानं १९५८ मध्ये मेर्सेदेस बार्चा पार्दो हिच्याशी लग्न केलं. मुलं झाली रॉद्रिगो गार्सिया बार्चा आणि गोन्सालो गार्सिया बार्चा. म्हणजे माणसाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं, आणि पुढच्या पिढीत जातं ते दोहोंतलं पहिलं. ‘मार्केझ’ नातवंडांपर्यंत पोचतच नाही.

याच निबंधात पत्नीचा उल्लेख ‘मेर्सेदेस मार्केझ’ असा होता. इथे दोन चुका एकात एक बसल्या होत्या. स्पॅनिश रिवाजात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, ती जन्मभर मेर्सेदेस बार्चाच राहिली. आणि समजा नवऱ्याचं लावायचंच ठरलं असतं, तरी ते गार्सिया झालं असतं. मार्केझ हे तिच्या सासूबाईंचं माहेरचं आडनाव.

ही चूक आपल्याकडे इतकी सहज का होते, यावर मी बराच विचार केला. इंग्रजीची सवय हे एक कारण आहेच. इंग्रजी गद्यात पहिल्यांदा पूर्ण नाव आणि मग नुसतं आडनाव, आणि आडनाव म्हणजे शेवटचा शब्द, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण मराठी माणसाच्या बाबतीत त्याच्या आधीचं एक कारण आहे. आपली नावंही तीन शब्दांची. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ‘गॅब्रिएल गार्सिया मार्केझ’ कानावर पडलं की आपण नकळत त्याच साच्यात ओततो. गॅब्रिएल हे नाव, गार्सिया बहुधा वडिलांचं, मार्केझ आडनाव. साचा इतका चपखल बसतो की शंकाच येत नाही. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला. आईला जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथे येतं ते आईचं पाळण्यातलं नाव, आणि आडनाव शेवटीच राहतं. स्पॅनिश रचना त्याहून निराळी आहे. तिथे आईचं आडनावच मुलाच्या नावाच्या टोकाला येतं.

मी सरांना फोन केला.

“अगं, जगभर मार्केझच म्हणतात त्याला. मी तीस वर्षं वर्गात मार्केझच म्हणत आलो. तूही माझ्याच वर्गात ऐकलंस.”

“सर, स्पॅनिशमध्ये कोणी नुसतं मार्केझ म्हणत नाही. गार्सिया मार्केझ म्हणतात, नाहीतर लाडानं गाबो.”

“पण आपण इंग्रजीत लिहितोय. इंग्रजीचा नियम इंग्रजीनं ठरवायचा.”

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नव्हता. इंग्रजीत ‘मार्केझ’ लिहिणारे समीक्षक आणि वर्तमानपत्रं भरपूर आहेत. पण काळजीपूर्वक लिहिणाऱ्यांची इंग्रजीतली रीत वेगळी आहे, तेही मी सरांसमोर ठेवलं. १७ एप्रिल २०१४ रोजी मेक्सिको सिटीत त्यांचं निधन झालं, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेखात दुसऱ्या उल्लेखापासून ‘मिस्टर गार्सिया मार्केझ’ असंच होतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेत त्यांची नोंद ‘जी’खाली आहे, ‘गार्सिया मार्केझ, गॅब्रिएल’ अशी. म्हणजे इंग्रजीचा नियम आणि स्पॅनिश रिवाज यांच्यात भांडण नाही. शेवटचा शब्द वापरा, असा इंग्रजीचा नियम नाहीच. आडनाव वापरा, असा आहे. या माणसाचं आडनाव दोन शब्दांचं आहे, इतकंच.

सर पटले असं म्हणाले नाहीत. “वडिलांचं आधी आणि आईचं नंतर, हेच ना तुझं कारण?” एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, झालं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, आणि त्या फोननं मला स्वतःचं कारण पुन्हा तपासायला लावलं.

गाबोच्या वडिलांची जन्मकथा त्यांनी मला सांगितली. गॅब्रिएल एलिखिओ यांचा जन्म १९०१ मध्ये सिन्से गावात झाला. आई आर्खेमिरा गार्सिया, अविवाहित. जन्मदाते वडील गॅब्रिएल मार्तिनेझ गारीदो नावाचे शिक्षक. लग्न झालं नव्हतं, म्हणून मुलाला आईचं गार्सिया मिळालं. “आता सांग,” सर म्हणाले, “तुझ्या नियमानं तो मार्तिनेझ मार्केझ व्हायला हवा होता. ज्या गार्सियासाठी तू माझं अख्खं हस्तलिखित उकरतेयस, ते गार्सियाही आजीचंच आहे.”

मी गप्प झाले, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. ‘वडिलांचं आडनाव’ ही माझी व्याख्या कच्ची होती. नियम रक्ताचा नाही, जागेचा आहे. माणसाच्या कागदावर जे पहिलं आडनाव आहे ते पहिलं. ते त्याच्याकडे कुठून आलं हा निराळा इतिहास. स्पेनमध्ये तर १९९९ च्या कायद्यापासून आईवडील आपसांत ठरवून आईचं आडनावही पहिलं लावू शकतात. तेव्हा मी माझ्या टिपणातलं वाक्य खोडलं आणि लिहिलं : ज्या रूपात हा लेखक सही करत होता, ते रूप. सरांना हे जास्त पटलं. त्यांच्या मनात मार्केझविषयी जो ओलावा होता, त्यालाही यात जागा होती. गाबो लहानपणी आईच्या आईवडिलांकडे वाढला. आजोबा कर्नल निकोलास मार्केझ यांचा त्याच्यावर केवढा पगडा, हे सर वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्यांना मार्केझ हा शब्द त्या आजोबांसाठी हवा होता. दोन्ही आडनावं ठेवली की आजोबाही राहतात आणि मुलांकडे गेलेलं गार्सियाही राहतं.

मग प्रत्यक्ष दुरुस्ती. इथे मी एक चूक केली, ती सविस्तर सांगते, कारण असं काम करणाऱ्या कोणाच्याही हातून ती होऊ शकते. मी ‘फाइंड अँड रिप्लेस’ लावलं. जिथे मार्केझ तिथे गार्सिया मार्केझ. एका फटक्यात सगळं झालं म्हणून मी चहा घ्यायला उठले. परत येऊन पहिलं वाक्य पाहिलं तर तिथे होतं ‘गॅब्रिएल गार्सिया गार्सिया मार्केझ’. ते दिसलं म्हणून सापडलं. जे सहज दिसलं नाही ते सातव्या पानावर होतं. तिथे आजोबा ‘कर्नल निकोलास गार्सिया मार्केझ’ झाले होते, आणि आई ‘लुइसा सांतियागा गार्सिया मार्केझ’. आजोबांचं पूर्ण नाव निकोलास रिकार्दो मार्केझ मेखिया. त्यांच्यासाठी नुसतं मार्केझ हेच बरोबर आहे, कारण त्यांच्या नावात ते पहिल्या जागेवर आहे. म्हणजे एकाच निबंधात एकच शब्द एका माणसासाठी चूक आणि दुसऱ्यासाठी बरोबर. हे यंत्राला कळत नाही. मी जुनी प्रत उघडली आणि एकेक जागा हातानं केली.

त्याच फेरीत ‘ल्योसा’ सापडले. पेरूचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास ल्योसा यांनी गार्सिया मार्केझ यांच्यावर १९७१ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता, त्याचा संदर्भ होता, आणि पुढे १९७६ मध्ये मेक्सिको सिटीत त्यांनी याच मित्राला ठोसा मारला त्याचाही. सगळीकडे नुसतं ‘ल्योसा’. मी ‘व्हार्गास ल्योसा’ केलं. सरांनी लगेच उलट पुरावा काढला : “मग त्यांचा मुलगा आल्व्हारो व्हार्गास ल्योसा कसा? तुझ्या हिशेबानं ल्योसा पुढे जायला नको.” प्रश्न फार छान होता आणि उत्तर त्याहून छान आहे. मुलाच्या नावातलं ल्योसा वडिलांकडून आलेलंच नाही. आल्व्हारोची आई पात्रिसिया ल्योसा ही मारिओंची मामेबहीण. तिचं माहेरही ल्योसा. त्यामुळे मुलाचं नाव वडिलांच्या नावासारखंच झालं, पण त्यातला दुसरा शब्द आईचा आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न हा ओळखीचा प्रकार, त्यामुळे सरांना समजावायला एक मिनिटही लागलं नाही.

लोर्कानं मात्र खरी अडचण केली. निबंधात एका ठिकाणी स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्काचा उल्लेख होता, नुसता ‘लोर्का’ म्हणून, आणि मी तो तसाच ठेवला होता. सरांनी बोट ठेवलं : इथे गार्सिया का गाळला? कारण स्पेनमध्ये गार्सिया हे सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव. पहिलं आडनाव इतकं सर्रास असलं की खुद्द स्पॅनिश लोकही माणसाला दुसऱ्या, कमी आढळणाऱ्या आडनावानं ओळखतात. म्हणून लोर्का, म्हणून कादंबरीकार बेनितो पेरेझ गाल्दोस हे गाल्दोस, म्हणून स्पेनचे माजी पंतप्रधान रोद्रिगेझ थापातेरो हे थापातेरो. पिकासोनं तर वडिलांचं रुइझ सोडून आईचं पिकासो सहीतच घेतलं. मार्केझ हे काही तितकं दुर्मीळ आडनाव नाही, आणि गाबोच्या बाबतीत स्पॅनिश वाचकांनी ती सूट कधी घेतली नाही. त्यामुळे मजकुरात लोर्का आणि गार्सिया मार्केझ शेजारी शेजारी राहिले. वरवर विसंगत, पण दोघांनाही त्यांच्या भाषेत जसं हाक मारतात तसं.

अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुइस बोर्हेस आणि चिलीचे कवी नेरुदा यांनी काहीच त्रास दिला नाही. बोर्हेस एकच आडनाव वापरत, ‘लुइस’ हे त्यांच्या नावातलं नाव. आणि पाब्लो नेरुदा हे मूळचं टोपणनाव, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

आता वाक्यातलं बारीक काम. इंग्रजी षष्ठीचा ॲपॉस्ट्रॉफी सरांनी काही ठिकाणी नुसताच दिला होता, पुढे ‘एस’ नाही. ती सूट काही शैलींमध्ये ‘एस’नं संपणाऱ्या नावांना असते. मार्केझ ‘झेड’नं संपतं, तेव्हा ॲपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’ दोन्ही हवेत, आणि ते पूर्ण आडनावाच्या शेवटी एकदाच. दोन शब्दांमध्ये हायफन नाही. अमेरिकेत राहणारे पुष्कळ स्पॅनिशभाषक आपलं पहिलं आडनाव गळून पडू नये म्हणून हायफन घालतात, तो त्यांचा हक्क. गार्सिया मार्केझ घालत नसत. यातूनच एक अडचण निघाली. ‘गार्सिया मार्केझ यांच्यानंतरची कादंबरी’ या अर्थी सरांनी ‘पोस्ट’ हा उपसर्ग हायफननं जोडला होता. आडनाव दोन शब्दांचं झाल्यावर ते हायफन फक्त गार्सियाला चिकटल्यासारखं दिसायला लागलं. तिथे हायफनपेक्षा लांब रेघ, एन डॅश, घालायची पद्धत आहे. मी ती घातली आणि तरी वाक्य ओबडधोबड वाटलं, म्हणून शेवटी ‘आफ्टर’ घेऊन वाक्यच सरळ केलं.

अ‍ॅक्सेंटच्या खुणा ठेवायच्या का, यावर प्रकाशकांकडून विचारणा झाली. मी ठेवा म्हटलं, कारण त्या उच्चार सांगतात. गार्सियातल्या ‘आय’वरची तिरकी रेघ नसेल तर आघात ‘गार’वर जाऊन शब्द आखूड होईल. मार्केझमधल्या ‘ए’वरची रेघ काढली तर स्पॅनिश नियमानं आघात शेवटी ‘केझ’वर जाईल. (आपल्याकडे अनेकदा ‘मार्क्वेझ’ छापतात, पण स्पॅनिशमध्ये त्या ‘क्यू-यू’चा उच्चार साधा क आहे. कोलंबियात शेवटचा ‘झेड’ही स होतो, म्हणजे ऐकू येतं ते मार्केस.) पण पहिलं प्रूफ आलं तेव्हा ही रेघवाली अक्षरंच नव्हती. गार्सियाच्या पोटात एक मराठी मात्रा बसली होती आणि मार्केझमध्ये एक अर्धं अक्षर. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सगळ्या लिपींसाठीची समान संकेतपद्धत येण्याआधीच्या) देवनागरी फॉन्टच्या फाइलमधून गेला होता. अशा फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे नेमके त्याच सांकेतिक जागांवर बसवलेले असतात जिथे युरोपीय भाषांची रेघवाली अक्षरं असतात. मी दोन्ही पानांचे फोटो अक्षरजुळणी करणाऱ्यांना पाठवले. त्यांनी तेवढा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा लावला आणि काम झालं.

एका गोष्टीला हात लावला नाही : अवतरणं. सरांनी जुन्या इंग्रजी समीक्षकांची जी वाक्यं उद्धृत केली होती त्यांत ‘मार्केझ’ असेल तर ते तसंच. दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करण्याचा अधिकार आपला नाही. ‘मूळ लेखकांनी वापरलेलं रूप अवतरणांत कायम ठेवलं आहे’ असं एक वाक्य प्रास्ताविकात घातलं. ते सरांनी स्वतः लिहिलं.

राहिली सूची. याच संग्रहात गोव्याविषयीचा एक निबंध होता आणि त्यात त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा होते, गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीतले टी. बी. कुन्हा. स्पॅनिश नियम ताजा होता, त्यामुळे माझा हात पहिल्यांदा ‘ब्रागांझा’कडेच गेला. सुदैवानं लिहिण्याआधी थांबले. पोर्तुगीज क्रम उलटा आहे : आईचं आडनाव मध्ये, वडिलांचं शेवटी. ब्रागांझा हे त्यांच्या आईचं, गोव्यातल्या चांदर गावचं घराणं. ते स्वतः कुन्हा, आणि सूचीतही कुन्हा. एकाच द्वीपकल्पातल्या दोन शेजारी भाषा, एकीत पहिलं धरायचं आणि दुसरीत शेवटचं. आडनावाच्या शेपटावरूनही हे थोडं ओळखता येतं. गोव्यातले फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस मूळ लिपीत ‘ई-एस’नं संपतात, स्पॅनिश फेर्नांदेझ, रोद्रिगेझ, लोपेझ ‘ई-झेड’नं. मुळात दोन्हीकडे अर्थ तोच, अमक्याचा मुलगा : फेर्नांदोचा, रोद्रिगोचा. मार्केझ म्हणजे मार्कोसचा.

छापील सूचीत ‘जी’खाली आता गार्सिया लोर्का आणि त्यांच्या खाली गार्सिया मार्केझ आहेत. मजकुरात लोर्का म्हटलं असलं तरी सूचीत त्यांची जागा तीच. ‘एम’च्या पानावर मी एक ओळ मुद्दाम ठेवली, ‘मार्केझ, गॅब्रिएल गार्सिया : पाहा गार्सिया मार्केझ’, कारण सरांचे विद्यार्थी आधी तिथेच शोधणार. त्या ओळीखाली दोन नोंदी येतात, मार्केझ इग्वारान, लुइसा सांतियागा, आणि मार्केझ मेखिया, निकोलास. आई आणि आजोबा. सरांनी अंतिम प्रुफावर त्या दोन नोंदींसमोर हिरव्या शाईनं बरोबरची खूण केली आहे.